अलीगढचा 'ओल्ड बॉय' : मौलाना शौकत अली

मराठीत मुस्लिम समाजाच्या तालीमेचा इतिहास लिहायला बसले की लेखणी सर सय्यद अहमद खान यांच्यापाशी सुरू होते आणि बहुधा तिथेच थांबते. सर सय्यदांनी अलीगढला कॉलेज काढले, त्याची पुढे युनिव्हर्सिटी झाली, एवढ्यावर धडा संपतो. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. आमच्या मुलांच्या पुस्तकातही याहून जास्त काही नसते. पण सर सय्यदांचा इन्तेकाल झाला १८९८ साली आणि युनिव्हर्सिटी झाली १९२० साली. मधली बावीस वर्षे ते कॉलेज कोणी जगवले, हा प्रश्न कुणी विचारीत नाही. त्याचे उत्तर एका साध्या शब्दात आहे, आणि तो शब्द इंग्रजी आहे. 'ओल्ड बॉय', म्हणजे जुना विद्यार्थी. अलीगढवाल्यांनी हा शब्द असा आपलासा केला की पन्नाशी ओलांडलेला, नातवंडे खेळवणारा गृहस्थही स्वतःला अभिमानाने 'बॉय' म्हणवून घेई.

या ओल्ड बॉय बिरादरीचा सर्वांत मोठा खिदमतगार कोण, असे विचारले तर आम्ही मौलाना शौकत अली यांचे नाव घेऊ. मौलाना म्हणून आणि खिलाफत चळवळीचे पुढारी म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत. 'अली बंधू' या जोडशब्दातले ते थोरले. पण ते पुढारी होण्याच्या कितीतरी आधी, आणि मौलाना होण्याच्याही आधी, आपल्या कॉलेजसाठी दारोदार फिरून चंदा गोळा करणारे सरकारी नोकर होते. त्यांच्या चरित्राचा हा भाग मागे पडला आहे.

आधी कॉलेजची हालत काय होती ते पाहू. १८७५ च्या मे महिन्यात अलीगढला मदरसा सुरू झाला आणि ८ जानेवारी १८७७ रोजी लॉर्ड लिटनच्या हस्ते मोहमेडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेजची पायाभरणी झाली. सरकारी मदत होती, संस्थानिकांची देणगी होती, आमच्या हैदराबाद दरबारची तर सर सालारजंगांच्या जमान्यापासून होती. तरी भागत नव्हते. सर सय्यदांनी सोडत काढली, प्रदर्शनात म्हातारपणी स्वतः रंगमंचावर उभे राहून पैसे मागितले, लोकांनी टिंगल केली तीही सोसली. आणि १८९५ मध्ये उघडकीला आले की कॉलेजच्या कचेरीतल्याच एका कारकुनाने एक लाखाहून अधिक रुपयांची अफरातफर केली आहे. त्या काळचे एक लाख! सर सय्यद त्या धक्क्यातून सावरले नाहीत असे म्हणतात. ते गेले तेव्हा कॉलेजवर कर्ज होते आणि वसतिगृहातली मुलांची संख्याही घटलेली होती.

अशा वेळी मुले पुढे आली. सुरुवात खरे तर सर सय्यदांच्या हयातीतच झाली होती. साहेबजादा आफताब अहमद खान या विद्यार्थ्याने 'अंजुमन-अल-फर्ज' काढली होती. इंग्रजीत तिला ड्यूटी सोसायटी म्हणत. सुट्टीत घरी जाणाऱ्या मुलांनी गावोगाव हिंडून गरीब विद्यार्थ्यांसाठी चंदा जमवायचा, असे तिचे काम होते. नवाबाचा मुलगा असो की मुन्सिफाचा, त्याने हात पसरायचा. ज्या समाजात शरीफ घराण्यातल्या माणसाने मागणे ही बेअब्रू समजली जाई तिथे ही लहान गोष्ट नव्हती. मग शिकून बाहेर पडलेल्यांची 'ब्रदरहुड' झाली. कमाईचा शंभरावा हिस्सा कॉलेजला द्यायचा असा तिचा रिवाज होता. आणि विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर ओल्ड बॉइज असोसिएशन उभी राहिली.

इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. इतर कॉलेजांतही जुने विद्यार्थी असतातच, मग अलीगढच्याच मुलांत हा जिव्हाळा कुठून आला? आमच्या मते तो वर्गातून नव्हे, बोर्डिंगातून आला. पक्की बराक आणि कच्ची बराक, एकाच दस्तरख्वानावरचे जेवण, एकाच मशिदीत सुन्नी आणि शिया मुलांची नमाज, तुर्की टोपी आणि काळा कोट, क्रिकेटचे मैदान, युनियनमधले वादविवाद यांतून तो घडला. बंगालचा, पंजाबचा, दख्खनचा मुलगा तिथे येऊन प्रथमच 'आपण सगळे एक' असे काही अनुभवी. आणि यात फक्त मुसलमानच होते असेही नाही. या कॉलेजचा पहिला पदवीधर ईश्वरी प्रसाद नावाचा हिंदू विद्यार्थी होता, आणि पुढे काबूलमध्ये हिंदुस्थानचे हंगामी सरकार स्थापन करणारे राजा महेंद्र प्रताप हेही इथलेच ओल्ड बॉय. अलीगढ म्हणजे एका जमातीचा बंद वाडा अशी समजूत असणाऱ्यांनी ही दोन नावे लक्षात ठेवावीत.

शौकत अलींचा जन्म १८७३ चा, रामपूर संस्थानातला. वडील अब्दुल अली खान तरुणपणीच वारले. मागे आबादी बानो बेगम ही पडदानशीन विधवा, पदरी लहान मुले आणि डोक्यावर कर्ज. हीच बाई पुढे साऱ्या देशाची 'बी अम्मां' झाली. मुलांना इंग्रजी शिकवायचे तिने ठरवले तेव्हा घरातून विरोध झाला, कारण इंग्रजी शिकला की पोरगा काफिर होतो अशी समजूत होती. बी अम्मांनी दागिने गहाण टाकले आणि मुलांना आधी बरेलीच्या शाळेत, मग अलीगढला धाडले. आमच्या मराठवाड्यात मंगळसूत्र गहाण ठेवून लेकराची फी भरणाऱ्या माता आम्ही पाहतो. त्यांना बी अम्मांची गोष्ट सांगितली तर त्यात नवल वाटत नाही, उलट ती ओळखीची वाटते.

शौकत अली अभ्यासात फार चमकले असे नाही. त्यांची कीर्ती क्रिकेटमध्ये. ऐसपैस देह, मोकळे हसणे, उंची सूट, आणि कॉलेजच्या क्रिकेट संघाची कप्तानी. अलीगढमध्ये क्रिकेटच्या कप्तानाचा रुबाब प्रिन्सिपलपेक्षा फार कमी नसे. पदवी घेऊन ते सरकारच्या अफू खात्यात नोकरीला लागले आणि सुमारे सतरा वर्षे त्यांनी ती नोकरी केली. या पगारातून आणि इकडून तिकडून जमवाजमव करून त्यांनी धाकट्या मोहम्मद अलीला ऑक्सफर्डला पाठवले. मोहम्मद अली आय. सी. एस. मध्ये नापास झाले आणि परत येऊन बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या नोकरीत राहिले. तिथेही खाते अफूचेच! दोघे भाऊ अफूच्या खात्यात आणि पुढे दोघांनी मिळून साम्राज्याची झोप उडवली, हा योगायोग आम्हाला नेहमी गंमतीचा वाटतो.

नोकरी अफूची, पण नशा अलीगढची. दौऱ्यावर जावे त्या गावी पहिली चौकशी अशी की इथे आपला कोणी ओल्ड बॉय आहे का? असला तर त्याच्या घरी मुक्काम, जेवण, जुन्या आठवणी आणि उठताना शंभराव्या हिश्शाची मागणी. असोसिएशनचे सेक्रेटरी म्हणून त्यांनी ही बिरादरी बांधली. 'ओल्ड बॉय' नावाचे पत्र चालवले. कोण कुठे बदलून गेला, कोणाला बढती मिळाली, कोण वारला, कोणाच्या मुलाला वसतिगृहात जागा हवी आहे, अशा बातम्यांना आज कोणी साहित्य म्हणणार नाही. पण पोस्टकार्डाच्या आणि पॅसेंजर गाडीच्या जमान्यात पेशावरपासून दख्खनपर्यंत विखुरलेल्या माणसांना 'आपण अजून एका छपराखाली आहोत' असे वाटायला लावणे हे काम या असल्या बातम्यांनीच केले.

आजकाल आमच्या भागातही माजी विद्यार्थ्यांचे मेळावे होतात. फोटो निघतात, बिर्याणी होते, गुरुजनांना शाल मिळते. वाईट काहीच नाही. पण शाळेच्या गळक्या वर्गाचा किंवा दहावीनंतर घरी बसणाऱ्या मुलीचा विषय निघाला की मंडळी घड्याळाकडे बघू लागतात. शौकत अलींच्या मेळाव्यातून असे सुटणे शक्य नव्हते. हा अगडबंब माणूस दारात उभा राहिला की खिशात हात घातल्याशिवाय सुटका नसे.

मात्र जो पैसे देतो तो कधी ना कधी हिशेबही विचारतो. कॉलेजचा कारभार ट्रस्टींच्या हातात होता. ट्रस्टींत जमीनदार, नवाब, खिताबवाले जास्त, आणि शिकवणाऱ्यांत वरच्या जागा इंग्रज स्टाफच्या. ओल्ड बॉइजचे म्हणणे असे की कॉलेज आमच्या चंद्यावर चालते, आम्ही त्याची लेकरे आहोत, तर कारभारातही आमचा आवाज हवा. १९०७ साली कॉलेजात विद्यार्थ्यांचा मोठा संप झाला. निमित्त प्रदर्शनात पोलिसांशी झालेल्या बाचाबाचीचे, पण मुळाशी इंग्रज प्रिन्सिपलची हडेलहप्पी होती. तेव्हापासून ही ओढाताण उघड्यावर आली. शौकत अली, मोहम्मद अली आणि त्यांच्यासारखे तरुण एका बाजूला, 'सरकारला नाराज करू नका' म्हणणारे वडीलधारे दुसऱ्या बाजूला. आम्ही वडीलधाऱ्यांना सरसकट दोष देणार नाही. १८५७ नंतरची वाताहत त्यांनी लहानपणी पाहिली होती. सरकारची मर्जी गेली तर कॉलेज बुडेल ही भीती खरी होती.

१९१० च्या डिसेंबरात नागपूरला मुस्लिम लीगचे आणि मुस्लिम शैक्षणिक परिषदेचे अधिवेशन भरले. म्हणजे आजच्या आपल्या महाराष्ट्राच्या भूमीवर. कॉलेजची युनिव्हर्सिटी करायची ही सर सय्यदांच्या काळापासूनची इच्छा इथे पुन्हा जोमाने मांडली गेली आणि आगा खान यांनी चंद्याच्या मोहिमेचे नेतृत्व घेतले. स्वतः त्यांनी एक लाख रुपये दिले. शौकत अलींनी नोकरीतून रजा घेतली आणि ते आगा खानांचे मानद सेक्रेटरी होऊन शहरोशहरी फिरले. सभा आगा खानांची, भाषण आगा खानांचे, पण रसीदबुक शौकत अलींच्या हातात. नवाबांनी हजारो दिले, व्यापाऱ्यांनी दिले, आणि आणे-पैशांत देणारेही होते. महिन्यांच्या आत लाखोंचा निधी जमला. हिंदुस्थानातल्या मुसलमानांनी धर्मस्थळासाठी नव्हे तर विद्यापीठासाठी एवढा पैसा एकत्र काढला, असे आधी कधी घडले नव्हते.

पैसे जमले आणि सरकारने अटी पुढे केल्या. १९१२ मध्ये सांगण्यात आले की या विद्यापीठाला अलीगढबाहेरची कॉलेजे जोडता येणार नाहीत, आणि सरकारचा अंकुशही राहील. चंदा देणाऱ्यांच्या मनात साऱ्या देशातल्या मुस्लिम शाळा-कॉलेजांना सावली देणारे झाड होते आणि मिळत होती एक कुंडी. शौकत अली आणि मोहम्मद अली यांनी विरोध केला, काही ट्रस्टी 'मिळते ते घ्या' म्हणाले. विद्यापीठ आणखी आठ वर्षे लांबले.

या बिरादरीचे आमच्या मराठवाड्याशी काय नाते, असे कोणी म्हणेल म्हणून थोडे सांगतो. तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि आमचा हा अहमदपूरचा भाग बीदर जिल्ह्यात मोडत असे. सर सय्यदांनंतर कॉलेजची धुरा वाहणारे नवाब मोहसिन-उल-मुल्क आणि नवाब विकार-उल-मुल्क हे दोघेही आधी हैदराबादच्या सेवेत होते. अलीगढचे ओल्ड बॉय मौलवी अब्दुल हक औरंगाबादला शाळा तपासनीस म्हणून आले, तिथल्या कॉलेजचे प्रिन्सिपल झाले, आणि अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे दफ्तर त्यांनी १९१३ पासून सुमारे पाव शतक औरंगाबादेतून चालवले. 'उर्दू' हे त्रैमासिक १९२१ मध्ये तिथूनच निघाले. सर सय्यदांचे नातू सर रॉस मसूद १९१६ ते १९२८ हैदराबाद राज्याच्या शिक्षण खात्याचे प्रमुख होते. त्यांच्याच कारकिर्दीत १९१८ साली उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ उघडले. १९४८ च्या सप्टेंबरनंतर मराठवाड्यातल्या मुसलमानांवर जे गुजरले आणि त्यात उर्दू तालीमेची जी घडी विस्कटली तो वेगळा विषय आहे. पण आमच्या आजोबांच्या पिढीला उर्दूत गणित आणि भूगोल शिकवणारे जे मास्तर मिळाले त्यांची साखळी मागे मागे नेली तर ती अलीगढच्या बोर्डिंगापर्यंत पोचते, एवढे नक्की.

पुन्हा शौकत अलींकडे येऊ. १९१३ च्या सुमारास या माणसाचे रूपच बदलले. बाल्कन युद्ध, कानपूरच्या मशिदीचे प्रकरण आणि तुर्कस्तानवरचे संकट यांनी ते अस्वस्थ झाले. अफू खात्याची नोकरी सुटली, उंची सूट गेले, दाढी आली, अंगात झगा आला. लखनौच्या फिरंगी महलचे मौलाना अब्दुल बारी यांच्यासह त्यांनी 'अंजुमन-ए-खुद्दाम-ए-काबा' काढली आणि मुंबईत येऊन हाजींच्या सोयीसाठी धडपड केली. ज्याच्या शर्टाची कॉलर कधी चुरगळली नव्हती तो गोदीवर गरीब हाजींच्या बोचक्यांत बसू लागला. कामाची पद्धत मात्र जुनीच राहिली. सभासद करा, पावती फाडा, पत्ता लिहून घ्या. ओल्ड बॉइज असोसिएशनमध्ये घोटलेला धडा आता मोठ्या पाटीवर गिरवला जात होता.

१९१५ साली दोघा भावांना नजरकैद झाली. मेहरौली, लॅन्सडाऊन आणि मग दीर्घकाळ छिंदवाडा, शेवटी बैतूलचा तुरुंग. १९१९ च्या डिसेंबरअखेर सुटले ते थेट अमृतसरच्या काँग्रेस अधिवेशनात गेले. पुढे मुंबई हेच खिलाफत कमिटीचे मुख्य ठाणे झाले. छोटानी शेठ अध्यक्ष आणि शौकत अली सेक्रेटरी. भायखळ्याचे खिलाफत हाउस आजही आहे, ईद-ए-मिलादचा जुलूस आजही तिथून निघतो. जुलुसात चालणाऱ्या किती पोरांना ठाऊक असेल की या चळवळीच्या कारभारामागे एका कॉलेजच्या माजी विद्यार्थी संघाचा अनुभव होता?

आता १९२० चा ऑक्टोबर. या लेखाचा जीव या महिन्यात आहे.

ज्या विद्यापीठासाठी शौकत अलींनी रजा काढून चंदा जमवला होता, त्याचा कायदा सप्टेंबर १९२० मध्ये मंजूर झाला होता. तीस लाख रुपयांची कायम ठेव ठेवण्याची अट त्या कायद्यातच लिहिलेली आहे, आणि त्या ठेवीचा मोठा भाग या चंद्याचा होता. तीस वर्षांचे स्वप्न दारात उभे होते. आणि त्याच वेळी असहकाराची हाक आली होती, सरकारी मदत घेणाऱ्या शाळा-कॉलेजांवर बहिष्कार टाका म्हणून. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात गांधीजी आणि अली बंधू अलीगढला आले. त्यांनी विद्यार्थ्यांसमोर भाषणे केली. मागणी अशी की ट्रस्टींनी सरकारी मदत नाकारावी आणि कॉलेज राष्ट्रीय करावे, तसे झाले नाही तर मुलांनी बाहेर पडावे.

आम्ही शिक्षक आहोत, म्हणून या प्रसंगाचा विचार आम्ही शिक्षकाच्या बाजूनेही करतो. वर्गात बसलेल्या मुलाला 'उठ आणि चालू लाग' असे सांगणे फार जड असते. ज्याच्या बापाने जमीन विकून फी भरली आहे त्याला तर जास्तच. कॉलेजचे प्रिन्सिपल त्या वेळी डॉ. झियाउद्दीन अहमद होते. गणितातले मोठे विद्वान, आणि तेही अलीगढचेच ओल्ड बॉय! त्यांनी कॉलेज वाचवण्याचा चंग बांधला. मुलांच्या पालकांना तारा गेल्या. अली बंधूंनी मुक्काम ठोकला तो कुठे, तर कॉलेजच्या आवारातल्या ओल्ड बॉइज लॉजमध्ये. जुन्या विद्यार्थ्यांनी मुक्कामाला यावे, जुन्या आठवणी काढाव्यात म्हणून जी वास्तू होती ती बंडाची छावणी झाली. एकाच आईची दोन लेकरे, एक म्हणतो घराला आग लागू देणार नाही, दुसरा म्हणतो हे घर गहाण पडले आहे, ते आधी सोडवा. दोघांचेही घरावर प्रेम होते.

ट्रस्टींनी मागणी फेटाळली. तेव्हा २९ ऑक्टोबर १९२० रोजी, जुम्म्याच्या दिवशी, कॉलेजच्याच मशिदीत जामिया मिल्लिया इस्लामियाची स्थापना जाहीर झाली. माल्टाच्या कैदेतून सुटून आलेले देवबंदचे शेखुल हिंद मौलाना महमूद हसन आजारी असताना तिथे आले होते. त्यांना इतका अशक्तपणा होता की त्यांचे भाषण दुसऱ्याने वाचून दाखवले आणि महिनाभरात ते अल्लाला प्यारे झाले. देवबंद आणि अलीगढ, एकमेकांकडे पाठ करून बसलेले दोन मदरसे, त्या दिवशी एका सफेत उभे राहिले. अखेर पोलिसांच्या बळावर या मंडळींना आवाराबाहेर काढण्यात आले आणि जामियाचे वर्ग बाहेर तंबूंत भरू लागले. बाहेर पडलेल्यांत झाकिर हुसेन नावाचा तेवीस वर्षांचा एक तरुण होता, हैदराबादेत जन्मलेला.

शौकत अलींनी आपल्या कॉलेजशी बेवफाई केली, असे तेव्हा अनेक ओल्ड बॉइजना वाटले. आजही काहींना वाटते. आमचे मत वेगळे आहे. वीस वर्षे त्यांनी ज्या बिरादरीसाठी चंदा मागितला ती विटांची बिरादरी नव्हती. कॉलेज माणसांसाठी आहे आणि माणसांनीच त्याचा कारभार हाकला पाहिजे, हे ते १९०७ पासून सांगत होते. त्यामुळे १९११ ची रसीद आणि १९२० चा बहिष्कार या दोन्ही गोष्टी एकाच हक्कातून निघाल्या असे आम्हाला दिसते. पण म्हणून झियाउद्दीन यांची बाजू खोटी ठरत नाही. त्यांनी हट्ट धरला नसता तर १ डिसेंबर १९२० रोजी अलीगढ मुस्लिम युनिव्हर्सिटी सुरू झाली नसती आणि पुढच्या शंभर वर्षांत तिथे शिकलेली गरिबांची लाखो पोरे कुठे गेली असती, कोण जाणे.

जामियाला पैसा सुरुवातीला खिलाफत कमिटी देई. म्हणजे पुन्हा मुंबईहून, आणि पुन्हा शौकत अलींच्या दफ्तरातून. पण १९२४ मध्ये तुर्कांनीच खिलाफत रद्द केली आणि झरा आटला. त्याच्या आधीच एक काळी गोष्ट घडली होती, ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. खिलाफत फंडाची मोठी रक्कम अध्यक्ष छोटानी शेठ यांच्या धंद्यात अडकल्याचे बाहेर आले. शेठजींनी आपल्या गिरण्या कमिटीच्या हवाली केल्या, पण लोकांचा भरोसा उडाला. बायकांनी हातातल्या बांगड्या काढून दिलेला पैसा होता तो. शौकत अलींनी स्वतः पैसा खाल्ला असे आम्ही म्हणत नाही. पण सेक्रेटरी म्हणून हिशेबाची जबाबदारी त्यांचीही होती. चंदा मागण्यात हा माणूस जितका वाकबगार होता तितका चंदा सांभाळण्यात नव्हता. १८९५ च्या अफरातफरीनंतर उभ्या राहिलेल्या पिढीला हे उमगायला हवे होते.

जामिया मात्र मेली नाही. हकीम अजमल खान यांनी ती १९२५ मध्ये दिल्लीला करोलबागेत नेली आणि पदरमोड करून चालवली. १९२६ मध्ये झाकिर हुसेन, आबिद हुसेन आणि मुजीब हे तिघे युरोपातून परतले. १९२८ मध्ये जामियाच्या शिक्षकांनी शपथ घेतली की वीस वर्षे इथेच शिकवू आणि दीडशे रुपयांहून जास्त पगार घेणार नाही. प्रत्यक्षात तेवढेही हाती पडत नव्हते. मराठी वाचकाला ही शपथ ओळखीची वाटेल. पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद अशीच वीस वर्षे फर्ग्युसन कॉलेजला वाहून घेत. गोखले त्यांतलेच, आणि केंब्रिजला सीनियर रँग्लर होऊन आलेले रँग्लर परांजपेही त्यांतलेच. परांजपे तर स्वतः फर्ग्युसनचे जुने विद्यार्थी. पुणे आणि अलीगढ यांच्या राजकारणात जमीन-अस्मानाचे अंतर असेल, पण कॉलेज जगवण्याची रीत दोन्हीकडे एकच निघाली. पुढे १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला गांधीजींनी शिक्षण परिषद बोलावली तेव्हा नई तालीमची योजना तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्ष झाकिर हुसेनच होते.

शौकत अलींच्या शेवटच्या दहा वर्षांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ती आमच्या विषयाबाहेरची आहेत. नेहरू रिपोर्टवरून त्यांचे आणि काँग्रेसचे फाटले. जानेवारी १९३१ मध्ये लंडनला मोहम्मद अली वारले, त्यांना जेरुसलेमला दफन करण्यात आले. ज्या धाकट्याला वडिलांच्या मायेने वाढवले त्याला माती देऊन थोरला परत आला. मग गोलमेज, जेरुसलेमची जागतिक इस्लामी परिषद, केंद्रीय कायदेमंडळ, मुस्लिम लीग. नोव्हेंबर १९३८ मध्ये दिल्लीत त्यांचा इन्तेकाल झाला. त्यांच्या राजकारणाचे मूल्यमापन इतरांनी करावे.

त्यांच्या रसीदबुकांची गोष्ट मात्र त्यांच्याबरोबर संपली नाही. १९६७ मध्ये अझीझ बाशा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की अलीगढ मुस्लिम युनिव्हर्सिटी ही मुसलमानांनी स्थापन केलेली नाही, ती १९२० च्या कायद्याने स्थापन झाली, म्हणून तिला अल्पसंख्याक संस्थेचा हक्क नाही. १९८१ मध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला, २००५-०६ मध्ये अलाहाबाद हायकोर्टात पुन्हा तोच वाद उलटा गेला. अखेर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने चार विरुद्ध तीन मतांनी १९६७ चा तो विचार रद्द ठरवला. कायदा करून विद्यापीठ झाले एवढ्यावरून ते कोणी स्थापन केले हे ठरत नाही, असे बहुमताने सांगितले. कल्पना कोणाची होती, ती कोणासाठी होती, पैसा आणि जमीन कोणी दिली, ती प्रत्यक्षात कोणी उतरवली हे पाहिले पाहिजे. ही कसोटी लावून अंतिम निर्णय देण्याचे काम न्यायालयाने नियमित पीठाकडे सोपवले.

पैसा कोणी दिला! १९११ साली रेल्वेच्या डब्यात बसून शौकत अलींनी फाडलेल्या पावत्यांना शंभर वर्षांनंतर अशी किंमत येईल हे त्या पावत्या घेणाऱ्या अत्तारांना, वकिलांना आणि शाळामास्तरांना स्वप्नातही वाटले नसेल. आमच्या समाजात संस्थांची दप्तरे वाळवीला देण्याची रीत आहे. मदरसा असो, उर्दू शाळा असो की वक्फची जमीन, जुना कागद दाखवा म्हटले की ट्रंक उघडते आणि आतून भुसा निघतो. अलीगढच्या चंद्याचा इतिहास टिकला तो छापील अहवालांमुळे, असोसिएशनच्या पत्रांमुळे, नावे आणि रकमा लिहून ठेवणाऱ्या कारकुनी चिकाटीमुळे.

१९४८ साली, फाळणीच्या राखेत, अलीगढ युनिव्हर्सिटी बंद पडते की काय अशी वेळ आली. तिच्यावर संशय होता, विद्यार्थी आणि शिक्षक पाकिस्तानात गेले होते. तेव्हा कुलगुरू म्हणून सरकारने ज्यांना आणले ते झाकिर हुसेन. १९२० मध्ये तंबूत गेलेला ओल्ड बॉय अठ्ठावीस वर्षांनी त्याच आवारात परतला आणि १९५६ पर्यंत त्याने ते घर सांभाळले. पुढे ते देशाचे राष्ट्रपती झाले आणि १९६९ मध्ये वारल्यावर दिल्लीत जामियाच्या आवारात विसावले.

अलीगढच्या मशिदीलगत सर सय्यदांची कबर आहे. तिथेच रॉस मसूद आहेत. डॉ. झियाउद्दीन १९४७ मध्ये लंडनला वारले, त्यांची मय्यतही तिथे आणली गेली. शौकत अली तिथे नाहीत. त्यांची कबर दिल्लीत, जामा मशिदीच्या परिसरात आहे.